दोनदा टकटक

बाईंना चुका करायची सवय होती. म्हणजे मुद्दाम. नर्सिंगच्या कॉलेजात औषधाच्या मात्रेचं गणित शिकवायचं आणि दर तासाला फळ्यावर एक चूक पेरून ठेवायची, हा त्यांचा नऊ वर्षांचा शिरस्ता. कधी एखादं शून्य जास्त, कधी दशांशचिन्ह एक घर पुढे. कुठे, ते सांगायचं नाही. जिला चूक सापडेल तिने पेन बाकावर दोनदा वाजवायचं, टकटक, की बाई थांबणार, वळणार आणि म्हणणार, "वाचला पेशंट." मग चूक पुसायची आणि बरोबर उत्तर लिहायचं. कुणालाच नाही सापडली तर शेवटी स्वतःच दाखवायच्या, आणि वर्गाकडे अशा काही बघायच्या की पुढच्या तासाला एकीची नजर फळ्यावरून हलायची बिशाद नव्हती.

"मॅडम, तुमचं चुकलं" असं उभं राहून म्हणायला मुलींची जीभ रेटत नाही. पेन वाजवायला काही वाटत नाही. बाईंचं म्हणणं एवढंच की उद्या वॉर्डात मोठ्या डॉक्टरांपुढे जिच्या तोंडून शब्द फुटणार नाही, तिला निदान वाजवता तरी आलं पाहिजे.

ही युक्ती काही त्यांच्या डोक्यातून आलेली नव्हती. ती अप्पांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. अप्पा चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत काही वावगं दिसलं तर पेशंटसमोर बोलायची सोय नाही, म्हणून अप्पा काउंटरच्या लाकडावर बोटाने दोनदा वाजवत. डॉक्टर आतून उठून येत, चिठ्ठी पुन्हा बघत. चाळीस वर्षांत अप्पांनी रजा घेतली ती एकदाच, आठ दिवसांची. बाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्या आठ दिवसांत अप्पांनी औषध मोजायचा काचेचा छोटा पेला घरी आणला होता आणि बापलेक सकाळपासून पाणी मोजत बसायचे. पाव, अर्धा, पाऊण. सगळ्या घरभर पाणी, आणि आई चक्क काही बोलत नव्हती. गणिताची गोडी लागली ती तेव्हा. लहानपणातलं सगळ्यात सुखाचं काय असं बाईंना आज विचारलंत तरी त्या डोळे मिटून सांगतील, ते आठ दिवस.

आता नोकरीचं ऐका, तिला नोकरी म्हणायची तुमची तयारी असेल तर. बाई तासिका तत्त्वावर होत्या. शिकवलेल्या तासांचा मोबदला, बाकी सुट्टी, आजारपण, परीक्षा, सगळं आपापल्या खर्चाने. दर सहा महिन्यांनी नेमणुकीचं नवं पत्र, आणि दोन पत्रांच्या मधे आठवणीने एक दिवसाचा खंड, म्हणजे उद्या कोणी सलग नोकरीचा हक्क सांगायला नको. अशी अठरा पत्रं बाईंनी एका फाइलमध्ये लावून ठेवली होती. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची होती, कपाट नव्हतं. नऊ वर्षं त्या सगळं कपाट खांद्यावरच्या पिशवीत घेऊनच हिंडत होत्या.

मागच्या वर्षी संस्थेने पाच शाखांसाठी एक योजना काढली. उत्तम शिक्षकांचे तास एकदाच चित्रित करायचे आणि पाची शाखांत दाखवायचे. मात्रेच्या गणितासाठी बाईंची निवड झाली. बाई हरखल्या. अहो, नऊ वर्षांत कुणी उत्तम म्हटलं नव्हतं, हरखणार नाहीत तर काय. रिकाम्या प्रयोगशाळेत बाई आणि एक कॅमेरावाला, असे चाळीस तास झाले. पहिल्याच तासाला बाईंनी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "प्रत्येक तासाला मी एक चूक करेन. सापडली की दोनदा वाजवा. मी थांबेन." आणि मुली नव्हत्या म्हणून कॅमेरावाल्यालाच म्हणाल्या, "मी खूण केली की मुलींच्या वतीने तुम्ही वाजवा." तो बिचारा टेबलावर वाजवायचा. विसाव्या तासाच्या पुढे तर बाईंनी खूण करायच्या आधीच वाजवायला लागला आणि विचारायचा, "शून्य ना, मॅडम?" बाईंना इतका आनंद व्हायचा म्हणता.

शेवटी एक कागद आला. 'सर्व आशय मी तपासला असून तो बिनचूक आहे.' बाईंनी पहिले दोन व्हिडिओ लावून पाहिले. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना अगदी कसंतरी झालं. तिसरा काही त्यांच्याने बघवला नाही. त्यांनी सही करून टाकली. ही एक चूक मात्र मुद्दाम केलेली नव्हती.

पुढच्या सत्रात पत्रच आलं नाही. चौकशीला गेल्या तर हेडक्लार्क म्हणाला, "मॅडम, तुमचे तास चालू आहेत की. पडद्यावर." बाईंच्या जागेवर बाईच येऊन बसल्या होत्या, आणि त्यासुद्धा बिनपगारी. आता भांडणार तरी कुणाशी? संचालकांनी मात्र शब्द दिला. व्हिडिओ पाहून मुलींना ज्या शंका येतील त्यांच्यासाठी आठवड्याला चार तास मंजूर करून घेतो, गुरुवारी अकराला या, पत्र तयार ठेवतो. चार तर चार. ते पत्र मिळालं तर बाई कॉलेजच्या यादीत राहणार होत्या. एकदा नाव यादीतून गेलं की त्रेचाळिसाव्या वर्षी नऊ वर्षांचा अनुभव कुठे दाखवायचा, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

घरात अप्पा आणि बाई, दोघंच. अप्पा एक्क्याऐंशीचे, गुडघ्यांनी संप पुकारलेला, पण डोकं लख्ख. लेकीचे व्हिडिओ मोबाइलवर येतात हे कळल्यावर त्यांनी फर्मान काढलं की एकापासून सुरुवात, मधला एकही गाळायचा नाही. रोज जेवून उशीला टेकून बसायचे. "ही माझी मुलगी," असं दूधवाल्याला आणि मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवून झालं होतं.

सोमवारी दुपारी बाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. आतून आवाज आला. टकटक. अप्पांची काठी पलंगावर वाजली होती.

बाई हात पुसत आल्या. "काय हवंय, अप्पा?"

"मला काही नको. पेशंटला हवंय."

"काय झालं?"

"अकरावा तास. पाहिजे अर्धा मिलिग्रॅम. एक मिलीची कुपी, तिच्यात दोन मिलिग्रॅम. तर टोचायचं किती?"

"पाव मिली."

"तू अडीच लिहिलंयस."

बाई हसल्या. "अहो, ती माझी मुद्दामची चूक. पुढे पुसते मी."

"नाही पुसत," अप्पा म्हणाले.

बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी स्वतःला पाहिलं. पडद्यावरच्या बाईंनी अडीच लिहिलं आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता, पुढचं उदाहरण सुरू केलं. मधलं सगळं गायब. खूण गायब, कॅमेरावाल्याची टकटक गायब, "वाचला पेशंट" गायब. मुख्य कार्यालयात बसून कुणीतरी व्हिडिओ आटोपशीर केले होते. कशाला तरी उगाच थांबलेली बाई, मधेच कसलातरी खडखडाट, पुसापुशी, हे सगळं त्याला फुकट गेलेला वेळ वाटलं असणार. त्याने प्रामाणिकपणे आपलं काम केलं होतं.

"तीन कुप्या फोडाव्या लागतील अडीच मिलीला," अप्पा म्हणाले. "एका माणसाला तीन कुप्या. तिसरी फोडताना कुणाचा तरी हात अडेल, ठमे."

"नव्या मुलींचा नाही अडत, अप्पा. पुस्तकात आहे म्हटलं की त्या दहासुद्धा फोडतील."

मंगळवार, बुधवार दोघं चाळीसच्या चाळीस तास, चुकीच्या जागेपर्यंत व्हिडिओ पळवत, बघत बसले. अप्पांच्या हातात काठी, बाईंच्या हातात वही. बऱ्याच तासांत दुरुस्ती शाबूत होती. नऊ तासांत उडालेली होती. बाईंनी यादी केली. तास कितवा, चूक कोणती, बरोबर काय. यादीच्या खाली सही करताना त्यांना तो दुसरा कागद आठवला, बिनचूक आहे म्हणून सही केलेला. यादी दिली की सगळे हेच म्हणणार, मॅडम, चेहरा तुमचा, हस्ताक्षर तुमचं, सही तुमची. मग कसले चार तास आणि कसलं काय.

त्यांनी मनाशी ठरवलं. आधी पत्र हातात पडू दे. यादी सोमवारी देऊ. चार दिवसांत कोण कुणाला इंजेक्शन देतंय? पहिल्या वर्षाच्या तर मुली. तुम्हीआम्ही असतो तर हेच ठरवलं असतं.

गुरुवारी सकाळी निघताना अप्पांनी विचारलं, "यादी घेतलीस?"

"घेतली."

"पत्राच्या आधी देणार की नंतर?"

बाईंनी चप्पल घालताना वर पाहिलं नाही. "नंतर."

"बरं," अप्पा म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

संचालकांची खोली दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावरून जाताना बाईंचा जुना वर्ग लागतो. वेळापत्रकाप्रमाणे अकरावा तास या गुरुवारीच होता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं करून त्या जिना चढत होत्या. पण स्वतःचा आवाज कानावर आल्यावर माणूस किती पुढे जाणार? त्या दाराशी थांबल्या.

पडदे ओढलेले, साठेक मुली. काही जणी लिहीत होत्या, काही मांडीवर मोबाइल ठेवून खाली बघत होत्या. कोपऱ्यात देखरेखीला बसलेली ग्रंथालयातली मदतनीस कसलेतरी गठ्ठे बांधत होती. पडद्यावरच्या बाईंनी अडीच लिहिलं.

टकटक.

शेवटच्या बाकावरची मुलगी. चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. मान ताठ करून ती पडद्याकडे बघत होती, आता थांबतील म्हणून. पडद्यावरच्या बाई पुढचं उदाहरण सांगत होत्या. मुलीने पुन्हा वाजवलं, या वेळी जरा जोरात.

शेजारची खुसखुसली. "अगं, त्यांना काय ऐकू येणार?"

"पण पहिल्या तासाला म्हणाल्या होत्या ना, थांबेन म्हणून."

"मग थांबल्या नाहीत म्हणजे तुझंच चुकलं असेल."

मुलीने वहीत पाहिलं. तिथे पाव मिली लिहिलेलं होतं, सगळ्या पायऱ्यांसकट. मग तिने पट्टी ठेवून त्यावर नीट, सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, अडीच.

मुलीला येत होतं हो. सगळं येत होतं. तिला चूक सापडली होती, तिने धीर करून वाजवलं होतं, आणि बाईंनी थांबेन म्हणून तिला शब्द दिला होता. आता ही मुलगी पुढच्या वेळी वाजवणार नाही. वॉर्डातही नाही. सोमवारपर्यंत थांबायचं म्हणत होतो आपण, असं बाईंच्या मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"वाचला पेशंट," त्या दारातून म्हणाल्या. आवाज जरा फाटलाच.

साठ माना वळल्या. एक बाई पडद्यावर, एक दारात. मदतनीसने गडबडीने व्हिडिओ थांबवला आणि पडद्यावरच्या बाई तोंड उघडं ठेवून गप्प झाल्या.

बाई शेवटच्या बाकापर्यंत चालत गेल्या. "खालचं खोड. वरचं बरोबर आहे."

"पण मॅडम, पडद्यावर..."

"पडद्यावरची चुकली."

मुलीने चष्मा वर सरकवला. "म्हणजे तुम्ही?"

"म्हणजे मी," बाई म्हणाल्या. "आणि तू वाजवलंस तेव्हा मला ऐकू आलं नाही, तेही माझंच चुकलं."

मग त्यांनी फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. पडद्यावरच्या स्वतःच्या शेजारी उभं राहून पाव मिली पुन्हा मांडलं, तीन कुप्यांची गोष्ट सांगितली, तिसरी फोडताना हात अडलाच पाहिजे हे दोनदा बजावलं. जेमतेम दहा मिनिटं. मांड्यांवरचे मोबाइल कधी बाजूला गेले ते बाईंना कळलं नाही. निघताना पुढच्या बाकावरची एक जण म्हणाली, "मॅडम, तुम्ही परत कधी येणार?" बाईंनी खडू जागेवर ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "लिहून घेतलंत ना सगळं?"

संचालकांच्या टेबलावर पत्र तयार होतं, शिक्क्यासकट. "या मॅडम. चार तास मिळाले. वरच्या लोकांशी किती हुज्जत घातली ते माझं मला माहीत."

बाईंनी पत्राला हात लावला नाही. यादी पुढे ठेवली.

संचालकांनी वाचली. मग उठून दार लावून आले आणि पुन्हा वाचली. "ही यादी पत्र घेतल्यावर दिली असतीत तर?"

"मीही हेच ठरवून आले होते."

"मग?"

"खाली एका मुलीने वाजवलं."

संचालकांना टकटक माहीत होती. कॉलेजात कुणाला माहीत नव्हती? त्यांनी यादी टेबलावर ठेवली. "काटछाट मुख्य कार्यालयाने केली, हे मला समजतं. पण ते म्हणणार, बिनचूक आहे म्हणून सही मॅडमची. चुका माझ्या आहेत असं तुम्ही लेखी दिलंत तर नऊ व्हिडिओ आज उतरतील. नाही दिलंत तर समिती बसेल, अहवाल येईल, तोवर सत्र संपेल. आणि लेखी दिलंत की..." त्यांनी पत्राकडे पाहिलं. "ज्यांचा आशय मागे घेतला त्यांना पुन्हा नेमायचं नाही, असा नियम केलाय त्यांनी. मी काय करू, मॅडम? मीसुद्धा एका वर्षाच्या करारावर आहे. माझा मार्चमध्ये संपतो."

हे बाईंना नवीन होतं. त्यांना संचालकांची एकदम दया आली. एवढी मोठी खुर्ची, आणि तीही तात्पुरती.

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

'वरील नऊ चुका माझ्या आहेत.' खाली सही. लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. संचालकांनी नेमणुकीचं पत्र फाडलं नाही, त्यांच्याने फाडवलं नसावं. त्यांनी ते खणात ठेवलं आणि बाई अजून समोर उभ्या असतानाच फोन उचलून मुख्य कार्यालयाला सांगितलं की नऊ व्हिडिओ पाची शाखांतून आत्ताच्या आत्ता उतरवा, हो, आत्ता, मी लाइनवर थांबतो. बाई जिना उतरून खाली पोचेपर्यंत ते खरंच थांबले असावेत.

घरी आल्यावर बाईंनी पिशवी खुंटीला लावली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती हलकी लागत होती आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. अप्पा उशीला टेकून वाटच बघत होते.

"आधी दिलीस," अप्पा म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नंतर दिली असतीस तर पेढ्यासारखं तोंड करून आली असतीस."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. ती मुलगी, ती सरळ रेघ, खणात गेलेलं पत्र. "आता मी घरीच, अप्पा. किती दिवस ते माहीत नाही."

अप्पा काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "ते आठ दिवस आठवतात तुला? रजेचे?"

"न आठवायला काय झालं? पाण्याचे."

"रजा नव्हती ती, ठमे."

बाईंनी डोळे पुसायचे थांबवले.

"गावातला बडा माणूस समोर बसला होता. चिठ्ठीत मात्रा दुप्पट. मी वाजवलं. डॉक्टर उठले नाहीत. पुन्हा वाजवलं. मग तोंडाने सांगितलं, सगळ्यांच्या देखत. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, नवी नीट लिहिली, आणि मला घरी बसवलं. आठ दिवस, बिनपगारी. परत बोलावतील की नाही याचीही खात्री नव्हती."

"आणि आई? आईला माहीत होतं?"

"तिला मी रजाच सांगितली होती. तिनेही रजाच ऐकली. घरभर पाणी झालं तरी एका शब्दाने बोलली नाही, तेव्हा मला कळलं की हिला कळलंय."

बाईंच्या डोळ्यांपुढे काचेचा पेला होता, आणि पेल्यामागे हसणारे अप्पा. "मला वाटायचं, तुम्ही तेव्हा किती खुशीत होतात."

"होतोच की," अप्पा म्हणाले. "पाऊण म्हणजे किती, ते तुला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."

बाईंनी नाक पुसलं. मग सवयीने उठल्या. दोन कॉलेजांना फोन करायचे होते, अर्ज काढायचे होते, त्या अठरा पत्रांच्या प्रती करायच्या होत्या, स्वयंपाक पडला होता. त्या दाराशी पोचल्या आणि मागे काठी वाजली. टकटक.

बाई थांबल्या, वळल्या. "आता काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पलंगावर थोडं सरकून जागा केली. "बस जरा. रजा आहे ना तुला."

बाई बसल्या.